आमच्या वर्गातला प्रॉम्प्टर

मी गणिताचा शिक्षक आहे. इंग्रजी शिकवायला लागलो तो बायकोमुळे. नागपूरजवळच्या वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या अलीकडे एक बुद्धविहार आहे आणि त्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं वाचनालय. तिथे दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी इंग्रजीचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाईंची बदली झाली आणि वर्ग बंद पडायची वेळ आली. माझी बायको वाचनालयाच्या समितीवर आहे. तिनं बैठकीत मला न विचारताच सांगून टाकलं, "आमच्या घरी रविवारी सकाळी एक माणूस रिकामा असतो."

"अगं, मी गणित शिकवतो," मी घरी तिला म्हणालो.

"मग चांगलंच आहे. मागच्या बाई छान शिकवायच्या, पण कोणाला किती आलं हे त्यांना सांगता यायचं नाही. तुम्ही निदान मोजाल."

ते मात्र खरं. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. कॉलेजातही एखादं गणित वर्गातल्या किती जणांना सुटलं हे कळल्याशिवाय मी पुढचं घेत नाही. इंग्रजीलाही मी तोच नियम लावला. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रेघा मारायच्या: जो स्वतःच्या मनानं एक पूर्ण वाक्य इंग्रजीत बोलला, त्याची एक रेघ. बरोबर असो की चूक. वाक्य पूर्ण हवं, एवढंच.

वर्गात चौदा जण होते. वयं पंचविशीपासून साठीच्या पुढपर्यंत. शाळेत इंग्रजी नापास झालेले, किंवा पास होऊनही एक वाक्य न बोलू शकणारे. मी गेलो तेव्हा पुस्तक पूर्ण वर्तमानकाळापर्यंत पोचलं होतं, आणि त्यानंतर क्रियाविशेषण उपवाक्यं होती. म्हणजे 'जेव्हा', 'कारण', 'जरी', 'जर' अशा शब्दांनी सुरू होऊन मुख्य वाक्याला टेकून उभी राहणारी. दोन्ही धडे कठीण म्हणून मागच्या बाईंनी पुढे ढकलले होते असं कळलं. मला ते कठीण वाटले नाहीत. मी फळ्यावर एक आडवी रेघ काढली, तिच्यावर 'आज' म्हणून टिंब दिलं, मागे कुठेतरी दुसरं टिंब दिलं, आणि दोन्ही टिंबं जोडली. "काम इथे सुरू झालं आणि त्याचं नातं आजपर्यंत पोचतं. हा पूर्ण काळ."

वर्गात एक ऑटोवाले होते. ते म्हणाले, "म्हणजे मीटर चालू आहे, असं ना सर?"

"अगदी बरोबर."

"पण नागपुरात मीटर टाकते कोन?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि पुढची पाच मिनिटं माझ्या हातून गेली.

चालू पूर्ण वर्तमानकाळ तर आमच्या लोकांना शिकवावाच लागला नाही. 'मी सकाळपासून काम करून राहिलो' हे इकडे कोणीही दिवसातून दहा वेळा म्हणतो. तेच इंग्रजीत घाला म्हटलं आणि त्यांनी घातलं. त्या रविवारी फळ्याच्या कोपऱ्यात अठ्ठावन्न रेघा झाल्या. मी खूश होऊन घरी गेलो आणि बायकोला आकडा सांगितला. ती म्हणाली, "कोणाच्या किती?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. पुढच्या रविवारी मी नीट लक्ष दिलं, आणि माझ्या लक्षात आलं की फळ्यावरच्या निम्म्यांहून जास्त वाक्यांचा मालक एकच माणूस आहे. ती वाक्यं बोलत दुसरे होते, पण त्यांच्या तोंडात ती घालत होते काकाजी.

काकाजी साठीचे. वाडीतच एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब बघायचे. पण त्यांचा खरा जीव झाडीपट्टीच्या नाटकांत. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूरकडे धान निघालं की गावोगाव रात्रभर चालणारी नाटकं होतात. हंगामभर आज या गावी, उद्या त्या गावी. नटांना तालमीला वेळ कमी, नाटकं पुष्कळ. म्हणून विंगेत प्रॉम्प्टर बसतो आणि पूर्ण नाटक हळू आवाजात वाचत राहतो. पुढे नट बोलतात. काकाजी तरुणपणापासून दर थंडीत सुटी काढून हेच काम करायला जात. एवढ्या वर्षांत त्यांची सवय अशी झाली होती की समोरचा माणूस अडखळला की त्यांचे ओठ हलायलाच लागत. ते वर्गात शेवटच्या बाकावर बसत आणि तिथून त्यांचा आवाज नेमका ज्याला पाहिजे त्यालाच पोचे. मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

इंग्रजी कशाला शिकता, असं मी त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नातवाच्या शाळेतून फोन येते. सूनबाई इंग्रजीत बोलते अन् मंग मले सांगते, सगळं चांगलं आहे म्हणून. पोरगं मात्र घरात थरथर कापून राहिलं असते. मले समजलं पायजे ना, काय चालू आहे ते!"

त्यांच्या पुढच्या बाकावर एक ताई बसत. चाळिशीच्या. त्या मोठ्या गोदामात माल पाठवण्याच्या खात्यात होत्या. कोणती गाडी आधी भरायची, कोणता माल खाली ठेवायचा, कोणत्या ड्रायव्हरला कोणत्या रस्त्यानं पाठवायचं, हे सगळं त्या बघत. हुद्दा मात्र सहायक. शिफ्ट इन्चार्ज नेहमी कोणीतरी दुसरा यायचा आणि पहिले दोन महिने ताईंकडून काम शिकायचा. आता ते गोदाम बंगळूरच्या एका कंपनीनं घेतलं होतं आणि नवा इन्चार्ज निवडायला ते सगळ्यांच्या मुलाखती घेणार होते. लॅपटॉपवर, इंग्रजीत. ताईंनी अर्ज केला होता.

"लागली तर लागली," असं त्या वरवर म्हणत. पण एकदा वर्ग सुटल्यावर मला म्हणाल्या, "सर, पहिल्यांदाच अर्ज केला आहे, नाई झालं तर पुन्हा नाई करनार. अजून एकाले काम शिकवनं आता माझ्याच्यानं होनार नाई."

फळ्यावर त्यांच्या नावापुढे आता अकरा रेघा होत्या. त्यातल्या किती त्यांच्या आणि किती काकाजींच्या, हे मला माहीत नव्हतं. मुलाखतीत काकाजी नसणार होते. म्हणून मी नियम केला: वर्गात कोणी कोणाला सांगायचं नाही. उत्तर ज्याचं त्यानं.

त्या रविवारी फळ्यावर एकोणीस रेघा झाल्या. त्यात ताईंची एक. उरलेला वेळ आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. काकाजींनी तोंडावर रुमाल धरला होता. मला वाटलं खोकला आहे. मग कळलं, ओठ झाकून राहिले होते.

वर्ग संपल्यावर ते माझ्याकडे आले. "सर, एक बोलू का?"

"बोला."

"नाटकात नट प्रॉम्प्टरचं सगळं ऐकत नाई. पाठ असते त्याले बरंच. पन विंगेत मानूस बसून आहे, एवढं माहीत असलं ना, की मंग तो धीरानं उभा राहते. मानूस उठून गेला की पाठ असलेलंही जाते."

"पण मुलाखतीत विंग नाही ना काकाजी."

"हाव, ते खरं आहे." त्यांनी डोकं खाजवलं. "मंग असं करू. मी पूर्ण नाई सांगत. फक्त पहिला शब्द देतो. बिकॉज म्हनतो, किंवा व्हेन म्हनतो, आन् गप्प. पुढचं ज्याचं त्यानं आनावं. हळूहळू तोही शब्द बंद करू."

मी घरी जाऊन विचार केला. उपवाक्याचा धडा तोच तर होता. पहिला शब्द ठरला की पुढे काय यायला हवं, हे अर्ध्याहून जास्त ठरतं. 'बिकॉज' म्हटलं की कारण द्यावंच लागतं. 'ऑल्दो' म्हटलं की उलटं काहीतरी बोलावं लागतं. आणि शब्द दिला तरी वाक्य बोलणाऱ्याचंच राहतं. मी बायकोला विचारलं, अशा वाक्याची रेघ मारायची की नाही.

"अर्धी मारा," ती म्हणाली.

मी खरंच अर्धी मारली. वर्गाला त्याची फार गंमत वाटली. अर्ध्या रेघेवरून भांडणं व्हायला लागली. "सर, माझी पूर्ण आहे, काकाजी खोकलले होते फक्त!" तीन रविवार असे गेले. काकाजी शेवटच्या बाकावरून एकेक शब्द सोडायचे आणि त्यापुढे लोक स्वतःचं काहीबाही जोडायचे. ऑटोवाले म्हणाले, मी वेगळा रस्ता घेतो जेव्हा पोलीस उभे असतात. एक शिवणकाम करणाऱ्या बाई म्हणाल्या, मी ब्लाउज वेळेवर दिला आहे जरी लग्न मोडलं आहे. ताईंच्या पूर्ण रेघा वाढायला लागल्या. तिसऱ्या रविवारी काकाजींनी त्यांना एकही शब्द दिला नाही, आणि त्यांच्या नऊ झाल्या.

मुलाखत शनिवारी सकाळी होती. ताईंच्या भाड्याच्या खोलीसमोर दिवसभर ट्रक उभे असतात, हॉर्न थांबत नाही, म्हणून त्यांनी वाचनालय मागितलं. किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा मी जाणं भाग होतं. पण त्यांना काकाजीही हवे होते.

"कशाला?" मी विचारलं.

"लॅपटॉपच्या मागे बसतील नुसते. बोलनार नाईत. दिसत राहिले तरी चालते मले."

मला ते पटत नव्हतं. मुलाखत एका माणसाची असते. समोर दुसरा माणूस बसला आणि त्याच्या ओठांवरून कळलं, तर ती कॉपीच. मी तसं सांगितलं. ताईंचा चेहरा पडला. काकाजी म्हणाले, "सर, मी तोंडात सुपारी धरून बसतो."

शेवटी मी एका अटीवर कबूल झालो. काकाजींनी हातात कागद ठेवायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत, आणि ते पाळतात की नाही हे बघायला मी त्यांच्या शेजारी बसणार. बायकोला हे सांगितलं तेव्हा ती हसली. "त्यांच्यावर तुम्ही लक्ष ठेवणार. आणि तुमच्यावर?"

शनिवारी मी दोन खुर्च्या लॅपटॉपच्या मागे ठेवल्या. ताईंनी निळी साडी नेसली होती आणि टेबलावर पाण्याचा पेला ठेवला होता. काकाजींनी खरोखरच तोंडात सुपारी धरली होती. पडद्यावर कोण होतं ते आम्हांला दिसत नव्हतं. एका बाईंचा आणि एका पुरुषाचा आवाज येत होता.

सुरुवात चांगली झाली. किती वर्षं काम करता, काय काय बघता. ताई सावकाश पण नीट बोलत होत्या. 'आय हॅव बीन वर्किंग' इथपासून सगळं व्यवस्थित आलं. मी सवयीनं बोटांवर वाक्यं मोजत होतो. बारा झाली होती. एकदा पावसाळ्यात रस्ता बंद होता तेव्हा गाड्या कशा वळवल्या, तेही त्यांनी सांगितलं. काकाजी मान खाली घालून स्वस्थ बसले होते. मी अधूनमधून त्यांच्या ओठांकडे बघत होतो. सुपारीसुद्धा हलत नव्हती.

मग बाईंनी विचारलं, तुम्हांला एवढं सगळं येतं, तर इतक्या वर्षांत तुम्ही या जागेसाठी अर्ज का केला नाही?

हा प्रश्न आम्ही तयार केला नव्हता. ताईंनी पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि परत आणला. मी मनात सेकंद मोजायला लागलो. मोजू नये असं वाटत होतं, पण मोजले जात होते. त्यांचे डोळे वर आले, आधी काकाजींकडे, मग माझ्याकडे, आणि मला उत्तर स्वच्छ दिसत होतं, निदान त्याचा पहिला शब्द.

"बिकॉज!" मी म्हणालो.

हळू नाही म्हणालो. मी साठ-सत्तर मुलांच्या वर्गात शिकवतो. माझा हळू आवाजसुद्धा मागच्या बाकापर्यंत जातो.

मग पुरुषाचा आवाज आला. खोलीत आणखी कोण आहे?

त्या क्षणी मला वाटलं, संपलं. ताईंची इतक्या वर्षांची मेहनत मी एका शब्दात घालवली. खुर्चीतून उठून समोर जावं आणि खुलासा करावा, असं मनात आलं. ताईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या सरळ पडद्याकडे बघून इंग्रजीत म्हणाल्या, "ते माझे शिक्षक आहेत. कोणाची मदत घ्यायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलं आहे. आज त्यांनाच राहवलं नाही. त्यांच्या शेजारी माझे एक वर्गमित्र आहेत. ते मात्र काही बोलले नाहीत. मी दोघांना बाहेर पाठवते आणि मग तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. चालेल?"

हे एकही वाक्य आम्ही कधी घोकलेलं नव्हतं. बाई हसल्यासारख्या वाटल्या. पण पुरुषाचा आवाज कोरडाच होता. प्लीज, म्हणाला.

आम्ही दोघं बाहेर आलो आणि ताईंनी आतून कडी लावली. विहाराच्या पायरीवर बसलो. काकाजींनी सुपारी थुंकली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "सर, राग नका मानू. पन प्रॉम्प्टिंग असं नसते."

"माहीत आहे काकाजी."

"पहिल्या रांगेले ऐकू नाई गेलं पायजे. तुमचं तर बंगळूरले गेलं."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. "ती जागा गेली तर?" मी म्हटलं.

"ते मले नाई सांगता येत," ते म्हणाले. "पन मी सांगतो, मीही तोच शब्द देनार होतो. सुपारी होती म्हणून वाचलो."

आतून काही ऐकू येत नव्हतं. अमरावती रोडवरून ट्रक जात होते. मी दोनदा दारापर्यंत गेलो आणि परत आलो. अखेर कडी निघाली. ताई बाहेर आल्या, लॅपटॉप काखेत धरून. चेहऱ्यावरून काही कळेना.

"ताई, माझी चूक झाली," मी म्हणालो.

"हाव, झाली," त्या म्हणाल्या. बोलणं सरळ आहे त्यांचं. मग पायरीवर बसल्या. "तुमी गेल्यावर त्या बाईनं पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, अर्ज नाई केला, कारन काम तर मीच करून राहिली होती. जे करूनच राहिलो त्याच्यासाठी अर्ज कायले करायचा, असं वाटे मले. हुद्दा वेगळी गोष्ट आहे हे उशिरा समजलं. आता समजलं, म्हणून केला."

"हे सगळं इंग्रजीत म्हटलं?"

"मंग काय, मराठीत म्हटलं काय? चुकलं असंल कुठं कुठं. तुमी नव्हते ना मोजाले."

"काय म्हणाले ते?"

"कळवतो म्हणाले. थँक्यू म्हणाले. तो मानूस मात्र शेवटपर्यंत हसला नाई."

दुसऱ्या दिवशीचा रविवारचा वर्ग मी रद्द केला आणि पुढचा आठवडा मला फार जड गेला. गोदामातून पाच जणांनी मुलाखत दिली होती, म्हणजे पाचात एक. त्यात ताईंचं काम सगळ्यांत जास्त, म्हणून शक्यता वाढते. माझा आवाज, म्हणून कमी होते. किती कमी होते, याचं कोणतंही सूत्र माझ्याकडे नव्हतं. बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही काय आता घरातही पुटपुटायला लागलात? काकाजींचा संसर्ग झाला की काय?" मी तिला गणित सांगितलं. ती म्हणाली, "त्या बाईंनी प्रश्नच का विचारला, हे बघा ना. एवढं येतं तरी अर्ज का नाही केला, असं ज्याला नाकारायचं त्याला विचारतात का?" हे मला पटलं, पण त्याचा आकडा काही करता येईना.

त्यानंतरच्या रविवारी ताई वर्गाला आल्या नाहीत. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मुलाखतीची गोष्ट काकाजींनी तोपर्यंत सगळ्यांना हावभावांसह करून दाखवली होती. ऑटोवाले मला म्हणाले, "सर, स्टँडवर सवारी बोलवाले तुमच्यासारखा आवाज पायजे." मी 'अनलेस' हा शब्द फळ्यावर लिहिला आणि शिकवायला सुरुवात केली, पण माझं मन लागत नव्हतं, त्यांचंही. वेळेआधीच वर्ग सोडला.

दुपारी जेवत असताना फोन आला. मागे ट्रकचे हॉर्न, कोणीतरी मोठ्यानं हिंदीत ओरडत होतं.

"सर, झालं," ताई म्हणाल्या. "काल संध्याकाळीच कळलं. आज सकाळपासून ड्युटीवर आहे, फोन कराले वेळ नाई भेटला. थांबा जरा." मग बाजूला कोणाला तरी, "ओ भैया, वो वाली पीछे लो, मैंने बोला ना!" आणि परत मला, "सर, पन एक झालं. इन्चार्जले रविवारी सुटी नसते. सोमवारी असते. वर्ग सोमवारी होईल का?"

मी बायकोकडे बघितलं. तिला सगळं ऐकू आलं होतं. तिनं ताटावरूनच मान डोलावली.

सोमवारी सकाळी मला कॉलेज असतं, म्हणून वर्ग संध्याकाळी सहाला ठेवला. त्यामुळे चौदातले दोघे सुटले. त्यांची शिफ्ट तेव्हा असते. त्यांच्यासाठी शनिवारी एक तास वेगळा घ्यायचं ठरलं. बायको म्हणते, घरचा रिकामा माणूस आता दोन दिवस कामाला लागला.

पुढच्या आठवड्यातल्या पहिल्या सोमवारच्या वर्गाला ताई गोदामाकडूनच आल्या. सुटीच्या दिवशीही एक चक्कर मारल्याशिवाय त्यांना राहवलं नव्हतं. वर्गानं टाळ्या वाजवल्या, शिवणकामवाल्या बाईंनी पेढे आणले होते, काकाजींनी दोन उचलले. टाळ्या थांबल्यावर ताई बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी नव्हती त्या रविवारी तुमी काय घेतलं, ते पुन्हा घ्या."

"अनलेस," मी म्हणालो.

"तेच पायजे मले. बंगळूरवाले रोज मेल पाठवतात, गाडी लवकर सोडा, गाडी लवकर सोडा. मोजनी झाल्याशिवाय मी गाडी सोडनार नाई, हे त्याइले कसं लिहू? नम्रपने लिहायचं आहे, पन सोडनार नाई."

मी फळा पुसला. वर्गातून तीन-चार जण एकदमच बोलायला लागले, प्रत्येकाचं वाक्य वेगळं होतं, आणि मागच्या बाकावरून काकाजी म्हणत होते, "अरे थांबा गा, तिले बोलू द्या, गाडी तिची आहे."